चेहऱ्यावरचा न भरणारा व्रण



उन्हात राबणाऱ्याच्या नाकावर, कानावर किंवा डोळ्याच्या कडेला कधी कधी मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ येते. तिच्यावर खपली धरते, ती पडते, थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. दुखत नाही म्हणून माणूस कानाडोळा करतो. हा 'बेसल सेल कार्सिनोमा' नावाचा त्वचेचा कर्करोग असू शकतो. गोऱ्या लोकांत तो फार आढळतो, आपल्यात कमी. पण सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा काळा दिसतो आणि लोक त्याला तीळ समजतात.

हा रोग सावकाश वाढतो. वेळीच दाखवले तर ती जागा बधिर करून तो कापून काढतात व बहुतेक रोगी बरे होतात. शरीरात दूरवर तो क्वचितच पसरतो. शंभरांत एकालाही असे होत नाही. ज्यांना होते त्यांचा व्रण बहुधा वर्षानुवर्षे दुर्लक्षित, खोल गेलेला किंवा काढूनही पुन्हा उठलेला असतो. मग मानेतल्या गाठी, फुप्फुसे व हाडे यांत रोग शिरतो.

अशा वेळी शस्त्रक्रिया व किरणोपचार यांखेरीज औषधेही आहेत. २०१२ साली अमेरिकेत व्हिस्मोडेजिब ही गोळी मान्य झाली. तिच्यामागची हकिकत मेंढ्यांच्या कळपातली आहे. १९५० नंतरच्या दशकात तिथल्या आयडाहो राज्यात काही कोकरे एकाच डोळ्याची जन्मू लागली. गाभण मेंढ्यांनी एक विषारी रानवनस्पती खाल्ली होती. तिच्यातले द्रव्य गर्भाची वाढ घडवणारा पेशींतला संदेश अडवते. तोच संदेश या कर्करोगात नको असताना चालू राहतो, हे पुढे उमगले. ही गोळी तो संदेश बंद करते. म्हणूनच गरोदर स्त्रीला ती वर्ज्य आहे. गोळीने काहींच्या गाठी आक्रसतात, पण पेटके येतात, केस गळतात, तोंडाची चव जाते आणि कालांतराने रोग औषधाला जुमानत नाही. २०२१ साली सेमिप्लिमॅब हे प्रतिकारशक्तीला जागवणारे, शिरेतून देण्याचे औषधही तिथे मान्य झाले.

ही वेळ येऊ देऊ नये हेच बरे. महिनाभरात न भरलेला व्रण किंवा वाढणारा, रक्त येणारा तीळ डॉक्टरांना दाखवा. त्यावर डागू नका, चुना वा झाडाचा चीक लावू नका. वरून खपली धरते, पण आत रोग वाढत राहतो. तुकडा तपासायला सांगितला तर घाबरू नका. काढल्यानंतरही सांगितलेल्या तारखांना तपासणीस जा. शेतात जाताना कान व मान झाकेल असे फडके किंवा रुंद काठाची टोपी घाला.