घरगुती ध्वनिविवर्धक : प्रवेशद्वारीची गाळणी आणि ध्वनिक्षेपकाचे रक्षण

जबलपूरजवळच्या शहपुऱ्यातील एखाद्या घराची कल्पना करा. संध्याकाळची वेळ आहे, गाणे मंद सुरात चालू आहे. एकाएकी ध्वनिक्षेपकातून ‘धप्’ असा आवाज होतो, कागदी शंकू पुढे ढकलला जाऊन तेथेच थबकतो, गाणे बंद पडते आणि थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो. हे असे का घडले आणि ते टाळता आले असते काय, या दोन प्रश्नांचा विचार या पाठात करावयाचा आहे.

विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर. आत आलेला क्षीण विद्युत् संदेश मोठा करून ध्वनिक्षेपकाला पुरविणे, एवढेच त्याचे काम. परंतु चांगले कोणते आणि वाईट कोणते याचा विवेक त्याला नसतो. जे आत येईल ते तो वाढवितो. म्हणून विहिरीवरील पंपाच्या नळीच्या तोंडाशी जशी जाळी बसवितात, तशी विवर्धकाच्या तोंडाशीही गाळणी बसवावी लागते.

मनुष्याच्या कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. या मर्यादेच्या खाली आणि वर जे काही येईल ते विवर्धकाच्या दृष्टीने केरकचराच होय. खालच्या टोकाला असतो एकदिश विद्युत् दाब. समजा, जोडलेल्या उपकरणातील दोषामुळे ५० मिलिव्होल्ट एकदिश दाब आत आला. विवर्धक तो २० पट वाढवीत असेल, तर बाहेर १ व्होल्ट मिळेल आणि शंकू सतत एका बाजूला ओढलेला राहील. यावर उपाय म्हणजे संदेशाच्या वाटेवर एक धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, घालणे. धारित्र बदलत्या प्रवाहाला वाट देते, स्थिर प्रवाहाला अडविते. २.२ मायक्रोफॅराडचे धारित्र आणि ४७ किलोओहमचा रोधक यांची जोडी सुमारे १.५ हर्ट्झच्या खालचे संदेश क्षीण करीत जाते. तबल्याच्या बायाचा घुमारा मात्र तिच्यातून सुखरूप पार होतो.

वरच्या टोकाचा उपद्रव रेडिओलहरींचा. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळापासून आपल्या देशाच्या आकाशात या लहरींची वर्दळ वाढतच गेली. मध्यम लहरींचा पट्टा सुमारे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ आहे. आजच्या मोबाइल फोनची कंप्रता त्याहून कितीतरी अधिक असते. विवर्धकाला जोडलेली लांब तार आकाशकाचे, म्हणजे एरियलचे, काम करते आणि या लहरी आत शिरून गुरगुर किंवा खरखर उत्पन्न करतात. यासाठी १ किलोओहमचा रोधक वाटेत आणि त्यापुढे १,००० पिकोफॅराडचे धारित्र जमिनीच्या तारेकडे जोडतात. या गाळणीची सीमा सुमारे १५९ किलोहर्ट्झ येते. ८०० किलोहर्ट्झचा संदेश तिच्यामुळे जवळजवळ एकपंचमांश उरतो; उलट २०,००० हर्ट्झचा ध्वनी शेकडा एकाहूनही कमी घटतो. कानाला तो फरक जाणवत नाही.

आता आरंभीच्या अपघाताकडे वळू. जुन्या व्हॉल्व्हच्या विवर्धकात ध्वनिक्षेपकापूर्वी एक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असे आणि त्यातून स्थिर प्रवाह पलीकडे जात नसे. १९५६ साली अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीच्या एच. सी. लिन यांनी अशा रोहित्रावाचून चालणारी ट्रँझिस्टरची मांडणी प्रसिद्ध केली. पुढे धन व ऋण असे दोन विद्युत् पुरवठे वापरून ध्वनिक्षेपक विवर्धकाला थेट जोडण्याची पद्धत रूढ झाली. सोय झाली, पण मधली भिंत गेली. शेवटचा ट्रँझिस्टर आतल्या आत जुळून गेला, तर ३५ व्होल्टचा संपूर्ण दाब ध्वनिक्षेपकावर येतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाच्या वेटोळ्याचा स्थिर प्रवाहाला होणारा रोध सुमारे ६ ओहम असतो. म्हणजे सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह आणि २०० वॅटहून अधिक उष्णता! ती सारी केसासारख्या बारीक तारेत साठते. आपल्या कल्पनेतील घरात हेच घडले. प्रवेशद्वारीची गाळणी येथे निरुपयोगी आहे, कारण दोष आत उत्पन्न झालेला असतो. वितळतारही पुष्कळदा उशिरा तुटते.

म्हणून बाहेर जाण्याच्या वाटेवर एक पहारेकरी ठेवतात. तो म्हणजे रिले. संगीताचा दाब कधी धन, कधी ऋण होतो व त्याची सरासरी शून्य येते. २० हर्ट्झच्या लहरीचा अर्धा भाग सेकंदाच्या एकचाळीसांश काळात संपतो. एकाच दिशेचा दाब त्याहून बराच अधिक काळ टिकला, तर तो संगीताचा नव्हे, दोषाचा, असे परीक्षक मंडल ठरविते आणि रिले ध्वनिक्षेपक तोडून टाकतो. स्थिर प्रवाह तोडताना संपर्कांत ठिणगीची कमान पेटून प्रवाह चालूच राहू शकतो. म्हणून सुटलेला संपर्क ध्वनिक्षेपकाची तार जमिनीच्या तारेला जोडील अशी रचना करतात. कमान पेटलीच, तर तिचा प्रवाह वेटोळ्यात न जाता जमिनीच्या तारेकडे वळतो व वितळतार तुटते. विवर्धक सुरू करताना हाच रिले काही सेकंद थांबून मग जोडणी करतो, त्यामुळे आरंभीचा ‘धप्’ आवाजही टळतो.

दुरुस्त केलेल्या विवर्धकाला ध्वनिक्षेपक लगेच जोडू नये. प्रथम बाहेरच्या टोकांवर मापक लावून एकदिश दाब पाहावा. तो काही दशक मिलिव्होल्टांच्या आत असेल तरच पुढे जावे. पेटीच्या आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो, म्हणून विद्यार्थ्यांनी ती जाणकाराच्या देखरेखीवाचून उघडू नये. गाळणी दारातील दोष अडविते, रिले घरातील दोषापासून वाचवितो. एक असला म्हणजे दुसरा नको, असे मात्र नाही.