‘चार ते सहा आठवडे’ हे कोण ठरवतं?

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, म्हणजे एएफएलचा हंगाम मार्च ते सप्टेंबर चालतो. त्या काळात क्लबांच्या जखमी खेळाडूंची यादी दर आठवड्याला जाहीर होते. पहिल्या रकान्यात खेळाडूचं नाव, दुसऱ्यात दुखापत, तिसऱ्यात तो कधी परतेल याचा अंदाज. ‘हॅमस्ट्रिंग, तीन ते चार आठवडे.’ ‘घोटा, तपासणीनंतर ठरेल.’ ‘गुडघा, हंगाम संपला.’ चाहते ही यादी वाचतात आणि पुढच्या शनिवारचा प्रतिस्पर्धी संघही वाचतो.

बारावीनंतर काय, या विचारात असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्याहून जास्त काळजीत असलेल्या त्यांच्या आईवडिलांनी त्या तिसऱ्या रकान्यापाशी जरा थांबावं. तो एक आकडा लिहिण्यामागे डॉक्टर, फिजिओ, व्यायाम प्रशिक्षक, क्रीडा वैज्ञानिक, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ उभे असतात. यांतला आपल्या सर्वांत ओळखीचा व्यवसाय फिजिओथेरपीचा, आणि तो आपल्याकडे अजूनही ‘एमबीबीएस हुकलं म्हणून घेतलेली जागा’ समजला जातो. ‘शेक द्यायला आणि मशीन लावायला एवढं शिकायचं कशाला?’ हा प्रश्न मी पालकांकडून अनेकदा ऐकला आहे. त्याचं उत्तर एएफएलच्या क्लबात फार स्पष्ट दिसतं.

आधी हा खेळ समजून घेऊ. एका बाजूला मैदानावर अठरा खेळाडू. मैदान अंडाकृती आणि बहुतेक ठिकाणी क्रिकेटचंच. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर, ते सुमारे १६० मीटर लांब असतं. वीस-वीस मिनिटांचे चार डाव असतात, पण थांबलेला वेळ भरून काढला जात असल्यामुळे प्रत्येक डाव तीस मिनिटांच्या आसपास जातो. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे धक्का कुठल्याही दिशेनं येतो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा ते पंधरा किलोमीटर धावतो. त्यातच पूर्ण वेगात वाकून जमिनीवरचा चेंडू उचलणं, उंच उडी मारून तो झेलणं आणि धावता धावता लांब लाथ मारणं चालू असतं.

या सगळ्याचा सर्वाधिक भार मांडीच्या मागच्या स्नायूवर, हॅमस्ट्रिंगवर येतो. वेगानं धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी पायाला आवरही घालत असतो. तो फाटतो तो बहुधा याच क्षणी. एएफएलमध्ये ही नेहमीच सर्वांत जास्त आढळणारी दुखापत राहिली आहे: प्रत्येक क्लबात एका हंगामात साधारण पाच ते सहा नव्या, आणि दर वेळी सरासरी तीन-चार सामने हुकतात.

खरं कौशल्य लागतं ते इथून पुढे. मधल्या दर्जाच्या हॅमस्ट्रिंगचं दुखणं बहुतेकांचं दहा-बारा दिवसांत थांबतं. खेळाडू म्हणतो, मी बरा झालो. प्रशिक्षकालाही तेच ऐकायचं असतं. स्नायू मात्र अजून पूर्ण वेग सोसायला तयार नसतो, आणि घाईनं मैदानात उतरवलेल्या खेळाडूचा तोच स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून चांगला फिजिओ कॅलेंडरवर फुल्या मारत बसत नाही. तो पायऱ्या ठरवतो. आधी न दुखता चालणं. मग पाठीवर झोपून कंबर उचलण्यासारखे व्यायाम. मग हळू धावणं, मग सरळ रेषेत वेग वाढवत नेणं. दोन्ही पायांची ताकद यंत्रावर मोजायची आणि फरक किती उरला ते पाहायचं. मग वळणं, लाथ मारणं, पूर्ण वेगात वाकणं. पाठीवरच्या छोट्या जीपीएस यंत्रावर त्यानं खरोखर आपला जुना कमाल वेग गाठला का, हे तपासायचं. त्यानंतर संघाबरोबर पूर्ण सराव, आणि पुष्कळदा पहिला सामना दुय्यम लीगमध्ये, तोही मोजकाच वेळ. एक पायरी जमली नाही तर पुढची नाही. ‘तीन ते चार आठवडे’ हा या सगळ्याचा अंदाज असतो. ते वचन नसतं.

गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला की हिशेब महिन्यांचा होतो. शस्त्रक्रियेत शरीरातलाच दुसरा कंडरा घेऊन नवा बंध बसवतात आणि त्याला जिवंत, मजबूत व्हायला वेळ लागतो. साधारण नऊ ते बारा महिने. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवाल, तितका प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानं घटतो. घाई किती महाग पडते, हे घरच्यांना पटवायला मला या निष्कर्षासारखं दुसरं काही सापडलेलं नाही.

तरीही काही वेळा सगळं नीट करूनही शरीर ऐकत नाही. सिडनी स्वान्सचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ साली विजेत्या संघात होता. पुढच्या हंगामाआधी त्याचा गुडघा गेला. एकामागून एक पाच शस्त्रक्रिया झाल्या. जवळपास सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये तो परतला, आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा दुसरा गुडघा गेला. त्या सहा वर्षांत रोज सकाळी त्याच्या शेजारी उभं राहून आजचे व्यायाम करून घेणारं कुणीतरी होतं. हे काम करायचं असेल तर अशा निकालानंतरही दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर राहता आलं पाहिजे. मानसतज्ज्ञाची गरज इथे लागते. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा कर्णधार बॉब मर्फी तिसऱ्याच फेरीत एसीएल गमावून बसला, आणि त्याच वर्षी त्याच्या क्लबनं १९५४ नंतर प्रथमच विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनं स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. ती कृती मोठी होतीच. पण सहकारी अंतिम फेरीकडे निघालेले असताना आपण जिममध्ये पायाच्या ताकदीचे आकडे मोजत बसायचं, या महिन्यांत माणसाला सांभाळणं हेही कुणाचं तरी रोजचं काम असतं.

या क्षेत्रात सर्वांत कठीण शब्द ‘नाही’ हा आहे. मेंदूला धक्का बसला की एएफएलच्या नियमाप्रमाणे खेळाडू किमान बारा दिवस सामना खेळू शकत नाही, आणि त्याला परत पाठवायचं की नाही हा निर्णय वैद्यकीय असतो, प्रशिक्षकाचा नाही. मेलबर्न क्लबचा अँगस ब्रेशॉ सप्टेंबर २०२३ मध्ये एका टकरीत बेशुद्ध पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वैद्यकीय सल्ल्यावरून तो वयाच्या २८व्या वर्षी निवृत्त झाला. हात-पाय धडधाकट असलेल्या तरुणाला ‘आता खेळू नकोस’ सांगायला ज्ञान लागतं आणि छातीही लागते.

हा शब्द वेळेवर उच्चारला गेला नाही, किंवा उच्चारूनही कुणी ऐकला नाही, तर काय होतं हे एसेंडन क्लबनं दाखवलं. २०१२ च्या हंगामात तिथे खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा एक ‘पूरक’ कार्यक्रम चालवला गेला. क्लबच्या डॉक्टरांनी त्याबद्दल लेखी चिंता व्यक्त केली होती. पुढे जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादानं ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवलं आणि जे अजून खेळत होते त्यांचा तो पूर्ण हंगाम गेला. क्रीडा विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण मुळापासून वाचावं. खेळाडू पांढऱ्या कोटावर विश्वास ठेवतो; लवकर बरं करण्याच्या नावाखाली त्या विश्वासाचा सौदा होऊ शकतो.

ज्यांना माणसांपेक्षा आकडे बोलके वाटतात, त्यांनाही इथे जागा आहे. एएफएलमध्ये १९९२ पासून दरवर्षी दुखापतींची पद्धतशीर पाहणी होते. डॉ. जॉन ऑर्चर्ड यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. २०२५ पर्यंत खेळ सुरू करताना पंच चेंडू जमिनीवर आपटायचे आणि दोन उंचापुरे खेळाडू धावत येऊन हवेत झेपावायचे. त्यांचे गुडघे एकमेकांवर आदळून गुडघ्यातला मागचा अस्थिबंध तुटायचा. नोंदींमधून हे ठळक दिसल्यावर २००५ साली मैदानाच्या मध्यावर दहा मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं गेलं, धाव आखूड झाली आणि त्या दुखापती कमी झाल्या. कोणत्या जातीच्या गवतावर गुडघे जास्त जातात, हेही ऑर्चर्ड यांनी तपासलं. २०१७ मध्ये महिलांची लीग सुरू झाली आणि स्त्री खेळाडूंमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त असल्याचं दिसलं. ते का आणि कमी कसं करायचं, यावर तिथे आज जोरात काम चालू आहे. मुलींनी हा विषय मनावर घ्यावा.

आता रस्त्याबद्दल. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम २०२१ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यामुळे आता बदलतो आहे, म्हणून शेजारच्या ताईनं तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर विसंबू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. पदवीनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेताना खेळ किंवा अस्थि-स्नायू हा विषय निवडता येतो. एमबीबीएस झालेल्यांसाठी स्पोर्ट्स मेडिसिन ही स्वतंत्र शाखा आहे. जागा थोड्या आहेत, पण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा विभाग आहे. जीवशास्त्र नको पण खेळ हवा, अशांसाठी क्रीडा विज्ञान आणि व्यायाम प्रशिक्षणाच्या पदव्या आहेत. मात्र त्या घेऊन फिजिओ होता येत नाही, हे घरात सगळ्यांना आधी नीट कळू द्या.

ऑस्ट्रेलियाला जायचं मनात असेल तर कर्ज काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तिथे फिजिओ म्हणून नोंदणी मिळते का? भारतीय पदवीवर तिथे थेट रुग्ण तपासता येत नाही. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिलची मूल्यमापन परीक्षा आणि मग नोंदणी, असा क्रम आहे. ‘स्पोर्ट्स’ हा शब्द असलेली प्रत्येक मास्टर्स पदवी ही नोंदणी देत नाही. शिवाय एएफएलमध्ये सध्या क्लब फक्त अठरा आहेत. टास्मानियाचा एकोणिसावा २०२८ मध्ये यायचा आहे. तिथल्या बहुतेक फिजिओंची सुरुवात उपनगरातल्या छोट्या संघांत, शनिवारच्या थंडीत सीमारेषेवर उभं राहून होते. प्रशिक्षक बदलला की कधी कधी त्याच्याबरोबर वैद्यकीय चमूही बदलतो. हे दडवून कुणी स्वप्न विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

आपल्याकडे मागणी नाही, असं मात्र समजू नका. भारतीय क्रिकेट संघाला एकेकाळी फिजिओ ऑस्ट्रेलियातून आणावे लागत: अँड्र्यू लीपस, जॉन ग्लोस्टर, पॅट्रिक फारहार्ट. आज ते काम भारतीय करतात. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये तो यष्टींमागे उभा राहिला. पण मला जास्त काळजी सांगली-कोल्हापूरकडच्या कबड्डीपटूची आणि तालमीतल्या पोराची वाटते. त्याचा गुडघा एकदा ‘निसटला’ की महिनाभर विश्रांती, मालीश, आणि पुन्हा माती. दुसऱ्यांदा निसटला की खेळ बंद. वस्तादांना पोराची माया असते, पण त्यांच्या शेजारी मोजून-मापून ‘अजून तीन महिने नाही’ सांगणारा माणूस नसतो. हा माणूस तुमच्या घरातून तयार होऊ शकतो.

ज्या मुलाला किंवा मुलीला हे खरंच आवडेल असं वाटतं, त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. त्याला फी लागत नाही. शाळेच्या, तालमीच्या किंवा गल्लीतल्या संघाच्या प्रशिक्षकांची परवानगी घ्या आणि एका हंगामाची वही ठेवा. कुणाला कुठे लागलं, सरावात की सामन्यात, मैदान कोरडं होतं की ओलं, मुका मार होता की स्नायू ओढला गेला. किती दिवस बाहेर, परतायचं कुणी ठरवलं. उपचार मात्र करायला जाऊ नका, तो अधिकार शिक्षणानंतरचा. चार महिने नोंद ठेवूनही कंटाळा आला नाही, तर आईवडिलांनी ती वही मार्कशीटच्या शेजारी ठेवून पाहावी. वहीत शेवटचा एक रकाना आखा: परतल्यानंतर दोन महिन्यांत तीच दुखापत पुन्हा झाली का. तो भरण्यासाठी खेळाडूकडे पुन्हा जावं लागेल. जा.