उठणे-बसणे, श्रम आणि मीठ : रक्तदाबाचा समतोल

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुका डोंगराळ आहे. राज्यातील सर्वोच्च, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच तालुक्यात आहे. येथील भातलावणी वाकून करावी लागते आणि अनेक वाड्यांतून बाजारास जाणे म्हणजे चढउतार करणे होय. अशा श्रमांत रक्तदाब कसा टिकतो, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

निजलेला मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त पाय व पोटाकडील शिरांत उतरते. मज्जासंस्था क्षणार्धात हृदयाची गती वाढविते. पाठोपाठ मूत्रपिंडातून रेनिन स्रवते. १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे टिगरस्टेट व बर्गमन यांनी या द्रव्याचा शोध लावला. रेनिनच्या क्रियेतून पुढे अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अधिवृक्क ग्रंथी आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे मूत्रावाटे जाणारे मीठ व पाणी शरीरात राखले जाते.

श्रमानेही रेनिन वाढते; विश्रांतीत आडवे झाल्यावर ते उतरते. आहारात मीठ कमी असल्यास ही यंत्रणा अधिक जागरूक होते, जास्त असल्यास मंदावते. तथापि जादा मीठ बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची शक्ती अपुरी पडली, तर पाणी साचून रक्तदाब चढतो. घामाने मीठ जाते म्हणून वाटेल तितके मीठ खावे, हा समज म्हणूनच योग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमचाभराहून कमी, मीठ सुचविले आहे. लोणचे, पापड व सुकी मासळी यांतील मीठही यातच मोजावयाचे असते. जुलाब झाल्यास मात्र मीठ-साखर-पाण्याची भरपाई अत्यावश्यक ठरते.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. चढण चढून आलेल्या व्यक्तीचा रक्तदाब लगेच मोजल्यास आकडा फसवा येऊ शकतो. तिला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवावे. मगच मोजणी करावी. एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढू नये व चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये. आरोग्य उपकेंद्रात पाठीची खुर्ची आणि शाळेत मिठाविषयी एक पाठ, एवढी सोय ग्रामपंचायत व शिक्षक सहज करू शकतील.