सोराची तारवे आणि ओफीराचे सोने

(शास्त्रपाठ : १ राजे ९:२६-२८, यहेज्केल २७:१-९)

शलमोन राजाने एसयोन-गेबेर येथे तारवे बांधविली. परंतु इस्राएल लोकांस समुद्राची माहिती नव्हती, म्हणून सोराचा राजा हीराम याने आपले जाणते खलाशी दिले. हे खलाशी फिनीके लोकांपैकी होते. त्यांच्या देशात शेतीची पट्टी अरुंद, मागे लबानोनातील गंधसरूची वने आणि पुढे समुद्र. तेव्हा ते दर्यावर्दी झाले यात नवल नाही.

कारध्यास वैनगंगेत ज्यांनी डोंगाच पाहिला आहे, त्यांस अशा तारवाची कल्पना यहेज्केल संदेष्टा करून देतो. डोलकाठी गंधसरूची, वल्ही बाशानातील अल्लोन वृक्षांची, शीड मिसरी तागाचे. वल्हेकरी सीदोन व अर्वाद येथले, आणि फटी बुजविणारे गबालचे. फळीच्या कडेस खाच पाडून तीत लाकडी जीभ बसवीत व आडवी खुंटी ठोकीत. पाण्याने लाकूड फुगले म्हणजे सांधा अधिकच घट्ट होई. १९९९ साली अष्कलोनासमोर सुमारे ४०० मीटर खोल पाण्यात ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील अशी दोन तारवे तपासण्यात आली. त्यांत द्राक्षारसाचे शेकडो रांजण होते.

रात्री हे लोक धाकट्या सप्तर्षींवरून उत्तर दिशा ओळखीत. हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहितो की, मिसरचा राजा नको याच्या आज्ञेने त्यांनी आफ्रिका खंडास वळसा घातला. वाटेत उतरून धान्य पेरीत, पीक कापून पुढे जात, आणि तिसऱ्या वर्षी परतले. पश्चिमेस जाताना सूर्य उजव्या हातास होता, असे ते म्हणाले. हिरोडोटसास हे खरे वाटले नाही. पण विषुववृत्ताच्या फार दक्षिणेस असेच दिसते!

आता ओफीर. ते आपल्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) सोपारा होय, असे कित्येक उपदेशक ठामपणे सांगतात. जुन्या ग्रीक भाषांतरात ते नाव 'सोफीर' असे आहे, हे खरे. सोपारा प्राचीन बंदर होते, हेही खरे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तेथे अशोकाच्या लेखाचा तुकडा मिळाला. परंतु अशोक शलमोनानंतर सुमारे ७०० वर्षांनी झाला. मोर व हस्तिदंत यांचे वचन (१ राजे १०:२२) पुढे करितात, त्यात तार्शीशाचे नाव आहे, ओफीराचे नाही. दुसरे विद्वान ओफीर अरबस्तानात किंवा आफ्रिकेत दाखवितात. म्हणून उपदेशकांनी मंडळीत "असे काहींचे मत आहे" एवढेच म्हणावे. शेजाऱ्याने पुरावा मागितला आणि आपण गप्प राहिलो, तर तो पुढे आपले शुभवर्तमानही संशयाने ऐकेल.

पुढील वाचनास प्रेषितांची कृत्ये २१:३-६ घ्यावे. सोर येथे तारवातील माल उतरावयाचा होता, म्हणून पौल तेथे सात दिवस राहिला; निघतेवेळी तेथील शिष्यांनी बायकामुलांसह समुद्रकाठी गुडघे टेकून त्याच्याबरोबर प्रार्थना केली.