थोड्या दिवसांचे शिक्षण, शिपायाचे अधिकार

गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरून उभा असलेला खाकी गणवेषातील माणूस पोलीस आहे की होमगार्ड, हे आपल्यापैकी फार थोडे जण निरखून पाहतात. गर्दीच्या दृष्टीने दोघेही 'पोलीसच'. गंमत अशी की, त्या रात्रीपुरती कायद्याची दृष्टीही गर्दीहून फारशी वेगळी नसते. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी असून गेली दीड वर्षे आमच्या तालुक्याच्या होमगार्ड पथकात आहे. दलाची स्तुती किंवा निंदा करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. ज्याला कायदा पोलिसाचा अधिकार देतो त्याला शिक्षण कशाचे द्यावे, एवढाच प्रश्न मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

ह्या दलाची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात झाली. दिवस जातीय दंगलींचे होते आणि मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. पोलिसांच्या मदतीला नागरिकांनीच स्वेच्छेने उभे राहावे, ही मूळ कल्पना. १९४७ साली त्यासाठी कायदा झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्र सरकारच्या सल्ल्याने निरनिराळ्या राज्यांतील अशी दले एका साच्यात आली. इतिहास येथे एवढाच पुरे.

त्या कायद्यातील एक तरतूद मात्र बारकाईने वाचण्यासारखी आहे. होमगार्डला कामावर बोलावले असता त्याला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार, सवलती व संरक्षण मिळते. 'बोलावले असता' हे शब्द महत्त्वाचे. बंदोबस्त संपवून तोच माणूस घरी गेला, की तो तुमच्या-माझ्यासारखा साधा नागरिक. दुसऱ्या दिवशी एस. टी. स्टँडवर त्याने कोणाला अडविले, तर सामान्य नागरिकाला अटकेचा जो मर्यादित अधिकार आहे तेवढाच त्याला आहे. आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तरच पकडावयाचे, आणि विनाविलंब पोलिसांच्या हवाली करावयाचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्याला सहा तासांची कमाल मर्यादाही घातली आहे. गणवेष तोच, माणूस तोच. पण अधिकार आज आहे आणि उद्या नाही.

आता शिक्षणाकडे वळू. पहाटे मैदानावर 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मूड'. मग लाठी, शस्त्रांची ओळख, वाहतूक नियमन, प्रथमोपचार, अग्निशमन, विमोचन. आमच्या पथकात शिंपी आहे, पानपट्टीवाला आहे, शेतमजूर आहेत, आय. टी. आय. ची दोन मुले आहेत. अशा भिन्न माणसांना एका ओळीत उभे करून एका आवाजावर हालविणे हे लहान काम नव्हे, आणि कवायतीला हसणाऱ्यांपैकी मी नाही. गर्दी रेटा देते तेव्हा शेजारचा माणूस जागा सोडणार नाही, हा विश्वास मैदानावरच येतो. परंतु कवायत हुकूम पाळावयास शिकविते. हुकूम द्यावयास जवळ कोणीच नसेल तेव्हा काय करावे, हे ती शिकवीत नाही.

ते मला एका निवृत्त फौजदारांनी शिकविले. शिबिरात एका दुपारी त्यांनी आमच्यातील एकाला पाकीटमार केले, दहा-बाराजणांना चिडलेला जमाव केले आणि मला म्हणाले, "तू होमगार्ड. हा तुझ्यापुढे आणून टाकलाय. बोल." मी आधी त्या 'चोरा'चे मनगट पकडले.

"सोड ते. जमावाकडे तोंड कर," फौजदारसाहेब म्हणाले. "मनगट धरून तू त्यांच्यातलाच एक झालास. आता त्याला पहिली थप्पड कोण मारणार, एवढाच प्रश्न उरला."

मग त्यांनी क्रम सांगितला. संशयिताला पाठीशी घ्यावयाचे, शिटी द्यावयाची, गर्दीबाहेर काढावयाचे आणि जवळच्या जमादाराच्या स्वाधीन करावयाचे. कोणी पकडले, कोठे पकडले, किती वाजता, हे कागदावर उतरवून ठेवावयाचे. त्यांनी १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्याचे नाव घेतले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातेवाइकाला कळवावे, हे सर्वोच्च न्यायालयाचे दंडक आम्ही वर्गात संविधानाच्या बाविसाव्या कलमाबरोबर वाचले होते. मैदानात धूळ खात ते ऐकताना मात्र प्रथमच असे वाटले, की हे माझ्याच हाताविषयी लिहिले आहे.

लाठीचेही तसेच. ती फिरवावयास आम्ही शिकतो. पण ती जमावावर केव्हा चालवावयाची हे ठरविणे आमच्या हाती नाही. बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो. तो नसल्यास निदान उपनिरीक्षक तरी लागतो. साधा शिपाईसुद्धा तो देऊ शकत नाही, मग होमगार्ड कोठून देणार? स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची, हाही असाच नियम. पथकात महिला होमगार्ड का हव्यात, याचे हे रोकडे कारण.

ह्याच प्रश्नाचे उत्तर अन्यत्र कसे दिले आहे ते पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्वयंसेवी राखीव पोलिसांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला मर्यादित साहाय्याचीच कामे मिळतात. मधल्या पायरीवरचा पूर्ण शिकलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली गस्त घालतो. एकट्याने काम करावयाचे, तर नियमित पोलिसाचाच किमान ६६४ तासांचा पायाभूत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. रोज आठ तास धरले तरी हे ८३ दिवस झाले. तेथे जेवढे शिक्षण तेवढाच अधिकार. आपल्याकडे अधिकार एका शब्दात पुरा आणि शिक्षण मात्र सवडीप्रमाणे.

म्हणून तो अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणणार नाही. रोजंदारीवरचा माणूस ८३ दिवस आणणार कोठून? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने होमगार्डला नोकरीत कायम करण्याचे नाकारले. पण महिनाभराचा कर्तव्यभत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका होईल असा दर द्यावा, असे सांगितले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून हा भत्ता दिवसाला १,०८३ रुपये झाला. कवायतीचा भत्ता त्याहून बराच कमी आहे. साहजिकच, बंदोबस्ताला माणूस धावत येतो आणि शिक्षणाच्या दिवशी मजुरी बुडते म्हणून कुरकुरतो. त्याच्या देशप्रेमावर प्रवचन देण्याऐवजी शिक्षणाच्या दिवसाचा भत्ता बंदोबस्ताइतका करावा, हे मला अधिक सरळ वाटते.

दिवस वाढत नसतील तर आहेत त्यांतच फेरवाटणी करता येईल. कवायतीतील काही तास काढून त्या दुपारीसारखे प्रयोग करावेत. नव्या माणसाला पहिले काही बंदोबस्त जुन्या होमगार्डच्या जोडीने द्यावेत. आमच्या विभागातील प्राध्यापकांनी पुढील शिबिरात दोन तास शिकविण्याचे मान्य केले आहे. पहिला तास अटकेचा, ह्यावर सर्वांचे एकमत आहे. दुसरा जमावाचा घ्यावा असे माझे म्हणणे, तर आमच्या पथकातील शिंपीदादा म्हणतात, "आधी साहेबांनी चुकीचा हुकूम दिला तर काय करायचं, ते सांगा." फौजदारसाहेबांना विचारले. तेही शिंपीदादांच्याच बाजूचे निघाले.