माशांच्या टाकीला मनीप्लांटचा फिल्टर: खर्च किती, बचत कुठे

माशांची दोन फुटी टाकी घ्यायला गेलात की टाकीपेक्षा तिच्याभोवतीच्या वस्तूंचंच बिल मोठं होतं. काठावर टांगायचा फिल्टर, त्याची काडतुसं, जिवाणूंची बाटली, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं. यातल्या बऱ्याच वस्तूंचं काम खिडकीतल्या मनीप्लांटच्या पाच-सहा फांद्या करतात. बऱ्याच, सगळ्या नव्हे. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे आधी ठरवलं नाही तर त्याची किंमत मासे मोजतात.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. खडीवर आणि स्पंजात वाढणारे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. विकतचा साधा फिल्टर इथवरच येतो. नायट्रेट पाण्यात साठत राहतं, म्हणून बादल्या भरून पाणी बदलावं लागतं. झाडाला मात्र हेच खत हवं असतं, आणि अमोनिया मिळाला तर तोही ते थेट शोषून घेतं. पाण्याखालच्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो, त्यामुळे त्यांची वाढ रेंगाळते. मनीप्लांटची मुळं पाण्यात आणि पानं हवेत असल्यामुळे त्याला ही अडचण नाही. हवेत पानं असलेल्या झाडांचा हा फायदा डायना वॉलस्टॅड यांनी 1999च्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात नीट मांडला आहे. आपल्याकडे कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी लावतात, त्यामागचं तत्त्व हेच.

आता मर्यादा. मनीप्लांट पाण्याला प्राणवायू देत नाही. पानांतून निघणारा प्राणवायू खोलीत जातो. पाण्यात तरंगणारा कचराही तो गाळत नाही. म्हणून हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी घ्यायचीच. झाड आहे म्हणून पंप नको, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पुढचे भाव साधारण आहेत; शहरागणिक आणि दुकानागणिक बदलतील. 24 बाय 12 बाय 12 इंचांची काचेची टाकी झाकणासह दीड ते अडीच हजारांत मिळते. तिच्यात काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर सुमारे 45 लिटर धरा. छोटा हवेचा पंप 250 ते 500 रुपये, स्पंज फिल्टर 150 ते 300, नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह 50 ते 100. हा व्हॉल्व्ह विसरू नका: पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंप बिघडू शकतो. साधी खडी 150 ते 250, क्लोरिन घालवायचं औषध 60 ते 120. अमोनिया आणि नायट्रेट तपासायचे थेंबांचे संच दोन्ही मिळून एक ते दोन हजार. आठ नर गप्पी 160 ते 400 रुपयांना. एकूण सव्वातीन ते सव्वासहा हजार. मनीप्लांट शेजाऱ्यांकडून फुकट मिळेल, नर्सरीतून घेतला तर 50 ते 150 रुपये.

तपासणी संचाची किंमत खुपते आणि बहुतेक जण पहिली कात्री तिथेच लावतात. मी उलट सांगेन: खडी कमी घ्या, टाकी मोठी घ्या आणि संच नक्की घ्या. झाड काम करतंय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असूनही अमोनियाने भरलेलं असू शकतं.

फांद्या गाठीच्या खाली कापा. मुळं गाठीतूनच फुटतात. आधी बाटलीत दोन-चार आठवडे मुळं धरू द्या. बाटलीतलं पाणी आठवड्याला बदला, कारण असल्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. टाकीत ही चिंता कमी; डासांच्या अळ्या गप्पींना आवडतात, म्हणून तर महापालिका पाणीसाठ्यांत गप्पी सोडतात. नर्सरीतलं झाड मातीतून काढून लावणार असाल तर मुळं स्वच्छ धुवा. कीटकनाशकाचा अंश माशांना मारू शकतो. टाकीत फक्त मुळं बुडवा. पानं आणि देठाचा मोठा भाग पाण्यात राहिला तर तो सडतो आणि ज्यासाठी झाड लावलं तोच अमोनिया वाढवतो. सिंगोनियम, पीस लिली, लकी बांबू हीसुद्धा चालतात, पण भूक मनीप्लांटचीच मोठी.

झाड लावल्याच्या दिवशी मासे सोडू नका. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच तीन-चार मासे सोडा, बाकीचे नंतर. नायट्राइटची पट्टी त्यासाठी वेगळी घ्यावी लागेल. गोल्डफिश या टाकीत नकोच. तो मोठा होतो, घाण फार करतो आणि मुळंही कुरतडतो.

महिन्याचा खर्च किरकोळ आहे. 3 वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 2.16 युनिट, झाडासाठी 9 वॅटचा दिवा रोज आठ तास लावला तर तेवढेच. दहा रुपये युनिट धरलं तरी पंचेचाळीस रुपयांच्या आत. खिडकीजवळ उजेड असेल तर दिवाही नको, मात्र थेट ऊन टाकीवर आलं की शेवाळ माजतं. टांगता फिल्टर 8 वॅटचा असला तरी महिन्याला सहा युनिटांच्या आतच घेतो, त्यामुळे विजेची बचत फार मोठी नाही. बचत होते ती काडतुसांची आणि श्रमाची. मासे कमी असतील तर दर आठवड्याऐवजी दोन-तीन आठवड्यांनी पाव टाकी पाणी बदललं तरी भागतं. पूर्ण बंद मात्र करू नका: बाष्पीभवनाने घटलेलं पाणी नुसतं भरत राहिलात तर क्षार साठतात, आणि ते झाड फारसे उचलत नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी आधी तेच तपासावं. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेट जास्त आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. नळातूनच तेवढं येत असेल तर पाणी बदलून नायट्रेट उतरणार नाही, आणि तिथे झाडाचा उपयोग सर्वांत जास्त. नळाचं पाणी क्लोरिनचं असेल तर औषध घाला किंवा बादलीत चोवीस तास उघडं ठेवा.

पानं पिवळी पडू लागली तर बहुधा पोटॅशियम किंवा लोह कमी पडतंय. अ‍ॅक्वेरियमच्या वनस्पतींसाठीचं द्रवखत थोडं घाला, कुंडीचं रासायनिक खत कधीच नको. वेल फार लांबला तर छाटा, कारण शोषलेलं नत्र त्या पानांतच असतं आणि छाटणी टाकीबाहेर गेली तरच ते खरं बाहेर जातं. छाटलेली पानं मांजर-कुत्र्याच्या वाटेत टाकू नका. त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटने तोंडाची आग होते. लहान मूल घरात असेल तर वेल वरच्या बाजूला, हात पोचणार नाही असा चढवा.