मुळांनाही हवा लागते

आपल्यासारखीच पिकांची मुळंही श्वास घेतात बरं का! मातीच्या फटींत हवा असते. शेतात पाणी साचलं की ती निघून जाते. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मग मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात.

पण भात तर पाण्यातच उभा असतो! कारण त्याच्या मुळांत मुळातच पोकळ्या असतात. पाणी साचलं की त्या आणखी वाढतात. पानांकडची हवा त्यांतून खाली उतरते. हा गुण त्याच्या जनुकांत, म्हणजे बियाण्यातूनच आलेला.

मक्याचं तसं नाही. पाणी साचलं की त्याच्या मुळांत इथिलीन वायू कोंडतो. ती धोक्याची घंटाच! मग काही जनुकं कामाला लागतात, मुळातल्या काही पेशी मरतात आणि तिथं हवेची वाट होते. पण याला वेळ लागतो, तोवर पीक हातचं जाऊ शकतं. म्हणून मी सांगतो, घरी सांगा : मक्यात पाणी तुंबलं तर चर काढून लगेच वाहतं करा.

भाताचं जाड, जुनं मूळ गुरुजींकडून आडवं कापून घ्या आणि भिंगातून पाहा. पोकळ्या दिसल्या, की वहीत आकृती काढा.